रिकामा स्टोव्ह

शाळेच्या भूगोलाच्या खोलीत नकाशांच्या कपाटाशेजारी एक लाकडी पेटी आहे. तिच्यात दोरखंड, दोन जुने तंबू, एक मोठी किटली आणि एक पितळी स्टोव्ह ठेवलेला असतो. वाचकांपैकी ज्यांनी शाळेच्या भटकंती मंडळाबरोबर मांडू, पातालपाणी, जानापाव किंवा पचमढी पाहिली आहे, त्या सर्वांनी या स्टोव्हवरचा चहा घेतलेला आहे. आम्ही तिघे सध्या मंडळाचे काम पाहणारे शिक्षक. तिघांपैकी दोघे याच शाळेत शिकलेले, म्हणजे आम्हीही त्याच चहावर वाढलो.

हा स्टोव्ह आमच्या एका सरांनी निवृत्त होताना शाळेला दिला. सर आता हयात नाहीत. पण दर सहलीच्या आधी स्टोव्ह चिंच लावून लखलखीत करायचा, पंपाच्या चामडी वायसरला तेलाचे बोट लावायचे, पिन जागेवर आहे ना हे पाहायचे, हा त्यांनी घालून दिलेला क्रम आम्ही आजही पाळतो. आता रॉकेल सहजासहजी मिळत नाही. हल्लीच्या मुलांना स्टोव्हचा तो भर्र आवाजही ठाऊक नाही. म्हणूनच की काय, स्टोव्ह बरोबर असल्याशिवाय सहल झाली असे आम्हांला वाटत नसे. त्या वाटण्यापायी आमच्या हातून जे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

२०२४ च्या मे महिन्यात मंडळाने प्रथमच लडाखला जायचे ठरवले. आम्ही तिघे, एक माजी विद्यार्थिनी आणि अकरावीची आठ मुले-मुली, असे बाराजण. लिकिरपासून यांगथांग, हेमिस शुकपाचनवरून तेमिसगामपर्यंतची वाट नवशिक्यांना जमण्यासारखी आहे. मात्र लेहच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच. तिथल्या विरळ हवेची शरीराला सवय होण्यासाठी सुरुवातीचे दोन-तीन दिवस विश्रांतीत घालवावे लागतात. सुट्टी मोजकी, त्यात जाण्यायेण्यातच आठवडा गेला तर चालायचे कधी? तेव्हा इंदूरहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह असा विमानाचा बेत ठरला. बारांपैकी नऊजणांचा तो पहिलाच विमानप्रवास होता.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात स्टोव्हची चाचणी झाली. बाराजणांचा चहा उकळला आणि वर कांदेपोहेही झाले. शुक्रवारी रात्री टाकी उलटी करून रॉकेल प्रयोगशाळेच्या कॅनमध्ये ओतून ठेवले, स्टोव्ह फडक्याने पुसला, टोपण घट्ट आवळले आणि जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून एका मुलाच्या सॅकमध्ये ठेवला. त्याच्या सॅकमध्ये जागा होती, एवढेच त्यामागचे कारण. तेव्हा त्याने विचारले होते, "सर, विमानात स्टोव्ह चालतो का?" आम्ही म्हणालो, "अरे, रिकामा आहे तो. रिकाम्याला कोण काय म्हणणार?"

शनिवारी संध्याकाळी विमानतळावर सामान देताना खिडकीवरच्या मुलीने समोरच्या फलकाकडे बोट दाखवले. फलकावर विमानात न चालणाऱ्या वस्तूंची चित्रे होती. "इनमें से कुछ है?" तिने विचारले. चित्रांकडे नीट न पाहताच आम्ही नकारार्थी मान हलवली. आमच्यामागे उभ्या असलेल्या मुलांनीही आमचे पाहून तशीच मान हलवली.

पंधरा मिनिटांत त्या मुलाच्या नावाचा पुकारा झाला. सामान तपासणीच्या खोलीत त्याच्याबरोबर आम्ही तिघेही गेलो. टेबलावर सॅक उघडी होती आणि कागदातून बाहेर काढलेला स्टोव्ह दिव्याखाली चमकत होता.

"ये क्या है?" अधिकाऱ्याने विचारले.

"स्टोव्ह है. खाली है."

त्याने टोपण फिरवले आणि टाकी नाकाशी नेली. "कभी इस्तेमाल हुआ है?"

आमच्यातला एकजण म्हणाला, "नहीं, नहीं. नया है. स्कूल की प्रदर्शनी के लिए है."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, गुरुवारी आपण याच्यावर चहा केला ना?"

आपले बोलणे समोरच्याला कळणार नाही अशा समजुतीने तो मराठीत बोलला होता. पण इंदूरमध्ये अशी समजूत करून घेणे बरे नव्हे. अधिकाऱ्याने टाकी खाली ठेवली आणि स्वच्छ मराठीत विचारले, "मग? कसा झाला होता चहा?"

आम्हां तिघांपैकी ते वाक्य कोण बोलले, हे इथे लिहीत नाही. लिहायची गरजही नाही. उरलेले दोघे गप्प उभे होते आणि वाक्य खपून गेले असते तर तिघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. म्हणून या लेखात 'आम्ही' असेच म्हटले आहे.

अधिकारी रागावला नाही. तो म्हणाला, "सर, खरं सांगितलं असतंत तरी आज हा गेला नसता. वास येतोय, आणि कंपनीची परवानगीही घेतलेली नाही. पण मग मला बाकीच्या अकरा सॅका उघडायला लागल्या नसत्या. आता उघडाव्या लागतील." मग त्या मुलाकडे वळून त्याने सॅकला बांधलेली चिठ्ठी दाखवली. "ही तुझ्या नावाची आहे. आत जे निघेल त्याला उत्तर तुला द्यावं लागतं, सरांना नाही. हे लक्षात ठेव."

ते त्याने मुलाला सांगितले, पण लागले आम्हांला.

बाराही सॅका उघडल्या. सात काडेपेट्या, दोन लायटर, स्टोव्हच्या काकड्यासाठी घेतलेली स्पिरिटची बाटली आणि मोठ्या सामानात टाकलेल्या तीन पॉवर बँका निघाल्या. हातातल्या एका पिशवीत तंबूच्या लोखंडी खुंट्या आणि भाजी चिरायची सुरी होती. सगळे टेबलावर मांडल्यावर आमच्या मंडळाच्या अज्ञानाचे जणू प्रदर्शनच भरले. प्रदर्शनासाठी म्हणून जे सांगितले होते, ते अशा रीतीने खरे झाले!

त्या मुलाचे बाबा आम्हांला पोचवायला आले होते. ते अजून बाहेर थांबलेले होते म्हणून बरे. स्टोव्ह त्यांच्याकडे दिला. त्यांनी विचारले, "काय झालं रे?" मुलगा एवढेच म्हणाला, "वास येत होता, बाबा." पुढे एक अक्षर नाही. स्कूटरच्या पायठेवणीवर स्टोव्ह ठेवून ते निघून गेले. सरांचा स्टोव्ह मागे राहिला याचे वाईट वाटायला हवे होते. पण आमचे सगळे लक्ष त्या मुलाने गिळलेल्या वाक्याकडे होते.

रात्र दिल्लीच्या विमानतळावर काढायची होती. बाकीची मुले सॅकवर डोके टेकून झोपली. हा मात्र जागाच होता. बाराच्या सुमारास जवळ येऊन म्हणाला, "सर, मी तिथे बोलायला नको होतं का?"

रोज वर्गात उभे राहून उत्तरे देणाऱ्या आम्हां तिघांनाही त्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. "झोप आता, उद्या बोलू," एवढेच आम्ही म्हणालो.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी लेहमध्ये दिले. मुक्कामाच्या घराच्या अंगणात सगळ्यांना बसवले. डोके जड झालेले, दोन पावले टाकली तरी धाप लागत होती, त्यामुळे कोणाला कुठे जायचेही नव्हते. आम्ही सांगितले, की काल आम्ही खोटे बोललो. ते चूक होते. त्याहून मोठी चूक ही, की ज्या सॅकबद्दल खोटे बोललो ती आमच्या नावाची नव्हती, तुमच्यातल्या एकाच्या नावाची होती. आम्ही त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली.

तो खाली पाहत म्हणाला, "मला खरंच वाटलं, सर, तुम्ही विसरलात."

शिक्षकाला याहून जास्त लागेल असे वाक्य आम्ही आजवर ऐकलेले नाही.

पुढची सहल छान झाली. लेहच्या बाजारातून दोन छोटे गॅस बर्नर भाड्याने घेतले आणि त्यांना बसणारे गॅसचे डबे विकत घेतले. मुलांना पदार्थविज्ञानाचा धडा आपोआप मिळाला. या डब्यांत ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश सेल्सिअस, प्रोपेनचा उणे ४२. त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात ब्युटेन डब्यातच द्रवरूपात बसून राहते आणि ज्योत मंदावते. म्हणून डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपायचे, हे मुले दुसऱ्याच दिवशी शिकली. त्या उंचीवर पाणीही १०० नव्हे, सुमारे ८८ अंशांनाच उकळते. प्रेशर कुकर नव्हता, त्यामुळे डाळ शिजता शिजेना. शेवटी इंदूरहून नेलेल्या पोह्यांनीच लाज राखली. परतताना एका डब्यात गॅस उरला होता. एक मुलगी तो हलवून म्हणाली, "सर, रिकामाच आहे हा!" सगळे खो खो हसले, आम्हीही हसलो आणि डबा दुकानदाराच्या हवाली केला.

इंदूरला परतल्यावर आम्ही ठरवले, की ज्या 'रिकाम्या' शब्दाने आपली फजिती केली त्याचा नीट अभ्यास करायचा. मुलांनीही त्यात भाग घेतला. जे समजले ते थोडक्यात असे.

स्टोव्हमधले रॉकेल ओतून टाकले म्हणजे टाकी रिकामी होत नाही. टाकीच्या आतल्या बाजूला पातळ थर राहतो, बर्नरच्या नळीत थेंब राहतात, पंपाचे चामडी वायसर तर रॉकेल पिऊनच बसलेले असते. या थराची वाफ होते. जळते ती वाफच, द्रव नव्हे. पेट्रोलची वाफ हवेत जेमतेम दीड टक्का असली तरी ठिणगीने पेट घेते. गॅरेजमधल्या वेल्डिंगवाल्याला विचारा, तो सांगेल की तेलाने भरलेल्या पिंपापेक्षा रिकाम्या पिंपाला तो जास्त भितो. भरलेल्या पिंपात हवेला फारशी जागाच नसते, रिकाम्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. रॉकेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ सोशिक. त्याची वाफ पेट घेण्याइतकी होऊ लागते ती साधारण पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास. पण इंदूरमध्ये मे महिन्यात सामानाची गाडी विमानाशेजारी उन्हात उभी असते तेव्हा हवाच चाळीस अंशांची असते!

त्यातून आम्ही टोपण घट्ट आवळले होते. आम्हांला वाटले, काळजी घेतली. विमान उंच गेले की आतला हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवतात. सामानाच्या कप्प्यातही दाब असाच कमी होतो. जमिनीवर बंद केलेल्या टाकीतला दाब मात्र जमिनीवरचाच राहतो, त्यामुळे आतली वाफ फटीतून बाहेर पडू पाहते. बाहेर काय असते? सत्तर-ऐंशी माणसांचे कपडे, कागद आणि कोणाच्या तरी बॅगेत विसरलेली चालू पॉवर बँक.

विमानात स्टोव्ह अजिबात नेता येत नाही असे मात्र नाही. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की द्रव इंधनाचा वापरलेला स्टोव्ह विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन फक्त मोठ्या सामानातून नेता येतो. त्यासाठी टाकी पूर्ण ओतून किमान एक तास निथळत ठेवायची. मग टोपण काढून किमान सहा तास उघडी ठेवायची, म्हणजे उरलेले इंधन उडून जाते. किंवा टाकीत खाण्याचे तेल घालून, हलवून, ओतून टाकायचे. त्या तेलामुळे उरलेला अंश सहज पेट घेत नाही. त्यानंतर टोपण लावून, टिपकागदासारख्या शोषून घेणाऱ्या कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड बांधायचे. गॅसचे डबे मात्र भरलेले, अर्धे वा 'रिकामे', कुठल्याही सामानातून चालत नाहीत. स्पिरिट आणि रॉकेलही नाही. म्हणजे त्या शुक्रवारी रात्री आम्ही टाकी आवळली तिथेच चुकलो, आणि परवानगी मागितली नाही ही त्याआधीची चूक.

हे नियम कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान उड्डाणानंतर दहा मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. विमानातले सर्व ११० जण मृत्युमुखी पडले. सामानाच्या कप्प्यात विमानातून उतरवलेली शंभराहून अधिक जुनी प्राणवायू-निर्मितीची नळकांडी होती. त्यांतली बरीच न वापरलेली होती. रासायनिक क्रियेने प्राणवायू तयार करताना ती भयंकर तापतात. त्यांच्यावर सुरक्षेची टोपणे बसवलेली नव्हती. आणि मालाच्या कागदावर त्यांच्यापुढे लिहिले होते, की ती रिकामी आहेत. त्या कप्प्यात आग लागली तर हवेअभावी ती आपोआप विझेल असे धरलेले होते. पण इथे आगीला प्राणवायू पुरवणारी वस्तूच आत होती.

हा प्रसंग वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं का, सर?" आम्ही म्हणालो, कोणी मुद्दाम कट करून लिहिले नव्हते. कोणीतरी नीट न पाहता, न विचारता 'रिकामे' हा शब्द लिहिला आणि पुढच्या प्रत्येकाने त्यावर विश्वास ठेवला. आम्ही त्या खिडकीवर मान हलवली, अगदी तशीच.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुरै स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्याला पहाटे आग लागली आणि नऊजण मृत्युमुखी पडले. डब्यात नियम मोडून गॅसचा सिलिंडर नेलेला होता. ही बातमी आम्ही तेव्हा वाचली आणि हळहळलो होतो. पण स्वतःकडे पाहिले नाही. २०१९ मध्ये पचमढीला जाताना आम्ही हाच स्टोव्ह आणि दोन लिटर रॉकेल पिपरियापर्यंत रेल्वेने नेले होते. रेल्वेतही स्टोव्ह, रॉकेल, गॅस नेण्यास मनाई आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आम्हांला कोणी अडवले नाही, म्हणून ते चालते असे आम्ही धरून चाललो. वीस-पंचवीस मुले त्या डब्यात होती. आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

आता मंडळाची पद्धत बदलली आहे. सहलीला जाणाऱ्या इतर पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती इथे देतो.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी सगळ्या वस्तूंची यादी करतो आणि शंका असलेली प्रत्येक वस्तू कंपनीला लेखी विचारतो. उत्तर छापून बरोबर ठेवतो. तंबूच्या खुंट्या, चालण्याच्या काठ्या, सुरी, बर्फातली कुऱ्हाड हे सगळे टोकांना जाड कापड बांधून मोठ्या सामानात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या पिशवीत, कारण त्या पेटल्या तर माणसांच्या नजरेसमोर पेटाव्यात, खाली बंद कप्प्यात नव्हे. पॉवर बँक १०० वॉट-तासांपर्यंत परवानगीशिवाय चालते. हे गणित आठवीच्या मुलांनाही येते: २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागा, ७४ येतात. आपल्या देशातल्या उड्डाणांत काडेपेटी आणि लायटर ना हातात चालतात ना सामानात. पाच-दहा रुपयांची वस्तू, मुक्कामी पोचल्यावर घ्यावी. परदेशातून येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. तिकडे गिर्यारोहक सर्रास वापरतात तो उपग्रह फोन आपल्याकडे सरकारी परवान्याशिवाय बाळगणे हाच गुन्हा आहे.

आणि शेवटचे कलम असे, की ज्याची सॅक त्यानेच भरायची. दुसऱ्याची वस्तू ठेवायची असेल तर ती काय आहे हे उघडून पाहायचे. मुलांच्या सॅकमध्ये शिक्षकांची कोणतीही वस्तू ठेवायची नाही. हे कलम मुलांनी घातले. आम्ही मुकाट्याने सही केली.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मंडळ डेहराडूनमार्गे नाग टिब्ब्याला गेले, तेव्हा या पद्धतीची पहिली परीक्षा झाली. आम्ही रीतसर पत्र पाठवून विचारले, की पितळी स्टोव्ह आहे, जुना आहे, रॉकेलवर चालतो, वर सांगितल्याप्रमाणे साफ करून नेला तर चालेल का? चार दिवसांनी नम्र नकार आला. परवानगी देणे न देणे कंपनीच्या हाती असते. स्टोव्ह पेटीतच राहिला. खिडकीवरच्या माणसाने फलक दाखवला तेव्हा मुलांनी एकेक चित्र वाचून काढले. मागच्या रांगेतले लोक थोडे वैतागले. एकही सॅक उघडली गेली नाही.

सरांच्या स्टोव्हचे काय, असे काही जुन्या विद्यार्थ्यांनी विचारले. तो आहे तसाच आहे, त्याची निगाही राखली जाते. पहिल्या पावसात शाळेच्या पटांगणात मंडळाचा चहा होतो, तो याच स्टोव्हवर. सर असते तर त्यांनी स्टोव्ह मागे राहिल्याबद्दल आम्हांला काहीच म्हटले नसते. तपासणीच्या खोलीतल्या त्या एका वाक्याबद्दल मात्र कान धरून उभे केले असते.

गेल्या पावसाळ्यातल्या चहाला तो मुलगाही आला होता. आता तो कॉलेजात आहे. स्टोव्हला पंप मारता मारता त्याने खिशातून पुठ्ठ्याची एक चिठ्ठी काढली. विमानात सॅकला बांधतात तशीच, दोरीसकट. पेटवण्याआधी त्याने ती काढून ठेवली होती, चहा झाल्यावर पुन्हा स्टोव्हच्या पायाला बांधली. ती आजही तिथे आहे. तिच्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे: "वापरलेला आहे."